चाळीसगावचा टांगा आणि आपल्या संशोधनाचा पहिला धडा

समाजशास्त्राच्या एम.ए.ला संशोधन पद्धतीचा पेपर असतो. त्यात गुणात्मक संशोधनाचे प्रकरण आले की पुस्तके आपल्याला थेट ट्रोब्रियांड बेटांवर नेतात. मॅलिनोव्हस्की तिथे राहिला, तिथली भाषा शिकला, १९२२ साली त्याचा ग्रंथ आला आणि सहभागी निरीक्षणाची पद्धत रुजली. त्यानंतर शिकागो विद्यापीठ येते, पोलंडमधून अमेरिकेत गेलेल्या शेतकऱ्यांची पत्रे येतात. हे सर्व शिकलेच पाहिजे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार अशी आहे की, जळगाव-धुळ्याचा विद्यार्थी ज्या चाळीसगाव स्टेशनवर गाडी बदलतो, त्याच स्टेशनवर १९२९ साली या पद्धतीचा एक अस्सल नमुना घडला, हे त्याला वर्गात कोणी सांगत नाही. तो नमुना ज्यांनी मागे ठेवला ते संशोधक कोलंबिया विद्यापीठात समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि मानववंशशास्त्र शिकलेले होते. त्यांचे नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

आपणही काही कमी चुकलेलो नाही. चाळीसगावची घटना आपण जयंतीच्या भाषणात 'बाबासाहेबांना झालेला अपघात' म्हणून सांगतो, हळहळतो आणि पुढच्या वक्त्याला माइक देतो. माझे म्हणणे असे आहे की ही घटना संशोधनाचा धडा म्हणून वाचली पाहिजे. जात कुठे लपते आणि तिला बाहेर काढायला कोणता प्रश्न विचारावा लागतो, हे त्या एका प्रसंगात जितके स्पष्ट दिसते तितके पद्धतीच्या जाड पुस्तकातही सापडत नाही.

चाळीसगावला काय घडले?

मुंबई सरकारने १९२८ साली अस्पृश्य आणि आदिवासी समाजाच्या परिस्थितीची व गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी एक समिती नेमली. ओ. एच. बी. स्टार्ट हे अध्यक्ष, म्हणून तिला स्टार्ट समिती म्हणतात. डॉ. पी. जी. सोळंकी, ठक्करबाप्पा यांच्याबरोबर बाबासाहेबही तिचे सदस्य होते. समितीने इलाखाभर दौरे केले. कामाची वाटणी झाली तेव्हा खानदेशचे दोन्ही जिल्हे, म्हणजे त्या वेळचे पूर्व आणि पश्चिम खानदेश, बाबासाहेब आणि आणखी एका सदस्याच्या वाट्याला आले.

ऑक्टोबर १९२९ मध्ये हे काम आटोपून बाबासाहेब मुंबईला परतत होते. वाटेत ते चाळीसगावला उतरले. धुळे लाइनवरच्या एका गावात सवर्णांनी अस्पृश्यांवर सामाजिक बहिष्कार टाकला होता, त्याची चौकशी त्यांना स्वतः करायची होती. चाळीसगावच्या आपल्या लोकांनी एक रात्र आमच्याकडे राहा, असा आग्रह धरला. बाबासाहेब कबूल झाले. धुळ्याच्या गाडीने ते त्या गावी गेले, परिस्थिती समजून घेतली आणि पुढच्या गाडीने परत आले. स्टेशनवर लोक हार घेऊन उभे होते.

महारवाडा स्टेशनपासून सुमारे दोन मैलांवर, नदीच्या पलीकडे. स्टेशनबाहेर भाड्याचे टांगे भरपूर होते. चालतही जाता आले असते. तरी बाबासाहेबांना जवळजवळ तासभर थांबवून ठेवले गेले. का, ते कळेना. शेवटी एक टांगा आला. आत बाबासाहेब आणि हाकणारा असे दोघेच. बाकीचे लोक जवळच्या वाटेने पायी निघाले. दोनशे पावलेही गेली नसतील, तोच टांगा एका मोटारीवर आदळता आदळता वाचला. रोज भाडे मारणारा माणूस इतका अडाणी कसा, असे त्यांना वाटले. पुढे नदीवरची फरशी आली. तिला कठडा नव्हता, फक्त अंतराअंतरावर दगड रोवलेले. रस्त्यावरून फरशीकडे काटकोनात वळावे लागे. तिथे घोडा उधळला, चाक दगडावर आदळले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि टांगा घोड्यासकट नदीत गेला. ते बेशुद्ध झाले. पायाचे हाड मोडले आणि बरेच दिवस त्यांना हिंडता-फिरता आले नाही.

त्यांनी नंतर चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. अस्पृश्य प्रवाशाला टांग्यातून नेणे एकाही टांगेवाल्याला मान्य नव्हते, त्यात त्याला कमीपणा वाटत होता. दुसरीकडे, बाबासाहेबांनी महारवाड्यापर्यंत पायी यावे हे आपल्या लोकांना सहन होत नव्हते. मग तडजोड निघाली. टांगेवाल्याने टांगा भाड्याने द्यायचा, पण हाकायचा नाही. हाकणारा महारांनी आपल्यातून द्यायचा. ज्याने लगाम हातात घेतला त्याला टांगा हाकण्याची सवयच नव्हती.

'हो' या उत्तरात लपलेली जात

आता अशी कल्पना करा की दुसऱ्या दिवशी चाळीसगावात एक संशोधक छापील प्रश्नावली घेऊन आला. त्याचा प्रश्न असा : 'येथील टांगेवाले अस्पृश्यांना टांगा भाड्याने देतात काय? हो / नाही.' उत्तर काय आले असते? 'हो'. आणि ते खोटेही नव्हते, कारण टांगा खरोखरच दिला गेला होता. तक्त्यात एक खूण 'हो'च्या रकान्यात पडली असती. पोलिसांच्या दप्तरात टांगा उलटून एक प्रवासी जखमी झाल्याची नोंद झाली असती. जात ना तक्त्यात दिसली असती, ना दप्तरात.

जात होती ती 'हो'च्या मागच्या अटीत. तिथपर्यंत पोचायला 'देतात का?' हा प्रश्न अपुरा पडतो. 'कसा देतात, कोणत्या अटीवर देतात, मध्ये तासभर काय चालले होते?' असे विचारावे लागते. संख्यात्मक आणि गुणात्मक पद्धतीतला फरक परीक्षेत लिहायला दहा मुद्दे पाठ करतो आपण. मला तरी या टांग्यातून तो जास्त नीट समजला.

हे मी स्वतः चूक करून शिकलो आहे. एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी मी जळगाव जिल्ह्यातल्या एका गावात प्रश्नावली घेऊन गेलो होतो. त्यात एक प्रश्न होता : 'गावातील लग्नकार्यात आपणास जेवणाचे आमंत्रण असते काय?' आपल्या वस्तीतल्या घरोघरी उत्तर मिळाले 'हो'. मी आनंदाने निष्कर्षाचा मसुदाही करून टाकला की, सहभोजनाच्या बाबतीत भेदभाव संपुष्टात येत आहे. मार्गदर्शकांनाही तक्ते पसंत पडले. शेवटच्या दिवशी वही बंद करून एका घरी चहा घेत बसलो होतो. घरातली आजी सुनेशी अहिराणीत बोलत होती आणि बोलता बोलता तिच्या तोंडून निघाले की, आमंत्रण येते, पण आपली पंगत सगळ्यांचे आटोपल्यावर बसते, आणि म्हणून ती स्वतः कधी जात नाही. मी विचारले, आजी, हे काल का नाही सांगितले? ती म्हणाली, तू बोलावतात का एवढेच विचारले होते.

त्या आजीने माझा निष्कर्ष खोडला. चाळीसगावच्या टांगेवाल्याने टांगा 'दिला' होता, या गावाने आमंत्रण 'दिले' होते. अटीचा प्रकार मात्र तोच होता.

बाबासाहेबांची पद्धत

चाळीसगावचा हा प्रसंग बाबासाहेबांनी पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात नोंदवला. ते त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाले नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली ते पुस्तिकारूपाने काढले आणि नंतर महाराष्ट्र शासनाच्या इंग्रजी ग्रंथमालेच्या १२व्या खंडात त्याचा समावेश झाला. आज ते कोलंबिया विद्यापीठात अभ्यासले जाते. आपण ते पद्धतीच्या नजरेने वाचले तर चार गोष्टी दिसतात.

पहिली गोष्ट, जे कळले नाही त्याची नोंद. टांगे उभे असताना तासभर का थांबवले? हाकणारा इतका कच्चा कसा? कारण कळण्याच्या आधी या दोन्ही शंका बाबासाहेबांनी लक्षात ठेवल्या आहेत. क्षेत्रकार्याच्या वहीत आपण बहुतेक वेळा जे कळले तेच लिहितो. न कळलेले लिहिले, तर उद्याचा प्रश्न तिथून निघतो.

दुसरी, स्वतःच्या माणसांचीही चिकित्सा. टांगेवाल्याची मानसिकता दाखवून बाबासाहेब थांबत नाहीत. माझा मान राखण्यासाठी माझ्या लोकांनी माझा जीव धोक्यात घातला, प्रवाशाची सुरक्षितता मानापेक्षा मोठी असते हे ते विसरले, हेही ते स्पष्ट लिहितात. ज्यांच्यावर त्यांचे प्रेम होते, ज्यांच्या बायकापोरांनी त्यांना बेशुद्ध पाहून आकांत केला, त्यांच्याबद्दलचे हे वाक्य आहे. आपुलकी आणि चिकित्सा एकत्र राहू शकतात, याचा यापेक्षा चांगला दाखला मला माहीत नाही.

तिसरी, एका प्रसंगातून सिद्धांताकडे जाणे. बाबासाहेब त्या वेळी बॅरिस्टर होते, डॉक्टरेट मिळवलेले होते, मुंबई विधिमंडळाचे सदस्य होते. टांगेवाला गरीब कष्टकरी. तरी तो स्वतःला त्यांच्यापेक्षा वरचा समजू शकत होता. शिक्षण आणि पैसा आला की जात आपोआप गळून पडते, असे म्हणणाऱ्यांना हा एकच प्रसंग पुरेसे उत्तर आहे. 'एका उदाहरणावरून काय सिद्ध होते?' असे तोंडी परीक्षेत हमखास विचारतात. एका उदाहरणावरून प्रमाण सिद्ध होत नाही, हे खरे. पण एखादा दावा खोटा ठरवायला आणि एखादी यंत्रणा कशी चालते हे दाखवायला एक नीट तपासलेले उदाहरण पुरते.

चौथी, साधनांची विविधता. त्याच लेखनात लहानपणीचा गोरेगावचा प्रवास आणि बडोद्यात राहायला जागा न मिळाल्याचा अनुभव आहे. दौलताबादच्या किल्ल्यापाशी हौदाच्या पाण्यावरून झालेला प्रसंग आहे. त्याबरोबर काठियावाडातल्या एका शिक्षकाचे वर्तमानपत्रात छापून आलेले पत्र आहे, ज्याच्या बाळंतीण बायकोला तपासताना डॉक्टरने तिला स्पर्श करणे टाळले. आणि एका सभेत तरुण तलाठ्याने सांगितलेली स्वतःची हकीकतही आहे. स्वतःची आठवण, पाहिलेला प्रसंग, छापील पत्र आणि दुसऱ्याची तोंडी साक्ष, असे चार मार्ग एकाच गोष्टीकडे जातात. आजची पुस्तके साधनांच्या अशा पडताळणीला मोठे नाव देतात.

स्टार्ट समितीचा अहवाल १९३० साली आला. बहिष्कार कशावरून टाकला जातो, याचे त्यातले वर्णन वाचण्यासारखे आहे. सार्वजनिक विहिरीवर हक्क सांगितला, हे कारण असतेच. पण जमिनीचा तुकडा विकत घेतला, चांगले कपडे-दागिने घातले, नवरदेव घोड्यावर बसवून रस्त्यावरून वरात काढली, एवढ्यावरूनही कडक बहिष्कार पडतो, अशी नोंद त्यात आहे. ही यादी गावोगाव फिरून, लोकांचे ऐकून तयार होते.

दप्तर कोणाचे, आवाज कोणाचा?

मग हा वारसा आपल्या अभ्यासक्रमात का नाही? याचे उत्तर खानदेशातच शोधता येते. धुळे हे इतिहास संशोधनाचे मोठे केंद्र. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे १९२६च्या अखेरीस धुळ्यात निधन झाले आणि १९२७ साली त्यांच्या नावाने तिथे संशोधन मंडळ उभे राहिले. राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून जुने कागद वाचवले, हे त्यांचे श्रम नाकारण्याचे कारण नाही. पण प्रश्न असा आहे की दप्तर कोणाच्या घरी होते? महाराचा उल्लेख त्या कागदांत येतो तो बहुधा वतनाच्या किंवा तंट्याच्या निमित्ताने, आणि लेखणी कुलकर्ण्याच्या हातात असते. कागद नाही म्हणून इतिहास नाही, असे मानले तर महारवाडा, मांगवाडा, भिलाटी आणि सर्व जातींच्या बाया इतिहासातून आपोआप बाद होतात. राजवाडे मंडळ स्थापन झाल्यावर दोनच वर्षांनी बाबासाहेब धुळ्याच्या गाडीत बसून बहिष्कृतांचे ऐकायला गेले. एकाच भूमीवरच्या या दोन संशोधन परंपरा आहेत. आपल्याला दोन्ही लागतील. पण आतापर्यंत संशोधन म्हणून मान एकीलाच मिळाला.

दुसरी परंपरा बाबासाहेबांच्याही आधीची आहे. फुले दाम्पत्याच्या शाळेतल्या मुक्ता साळवे हिने १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. जोतिरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले आणि पुढच्या वर्षी शेतकऱ्याच्या घरादाराचे बारीक वर्णन करणारा 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पूर्ण केला. पुढे उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना शोधून, त्यांच्या मुलाखती घेऊन १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ सिद्ध केला. त्या मुलाखती तेव्हा झाल्या नसत्या तर त्यातले बरेचसे त्या बायांबरोबरच संपले असते.

गोपाळ गुरू यांनी २००२ साली एका गाजलेल्या लेखात म्हटले की, भारतीय समाजशास्त्रांत सिद्धांत मांडणारे ब्राह्मण आणि माहिती गोळा करणारे शूद्र अशी विभागणी झाली आहे. आपल्या विद्यार्थ्याचे काय होते ते पाहा. प्रश्नावल्या भरून आणायला तो चालतो, पण अर्थ लावायची वेळ आली की त्याला उसने विधान शोधावे लागते. चाळीसगावात मात्र ज्याला टांगा नाकारला गेला, त्यानेच त्या नकाराचा सिद्धांत मांडला.

'तुम्ही तर आपल्याच लोकांवर लिहिता'

यावर एक आक्षेप ठरलेला. आपल्याच समाजावर संशोधन केले तर ते पक्षपाती होणार. हा आक्षेप सवर्ण संशोधकाला कोणी घेत नाही, हे आधी नोंदवू. एम. एन. श्रीनिवास हे भारतीय समाजशास्त्रातले मोठे नाव. त्यांचे म्हैसूरकडच्या एका गावावरचे पुस्तक अभिजात मानले जाते. ते गावातल्या मुखियाच्या आश्रयाने राहिले, आणि आपला वावर प्रामुख्याने वरच्या जातींत होता हे त्यांनी स्वतः कबूल केले. म्हणजे प्रत्येक संशोधक कुठून तरीच पाहत असतो. आपण कुठून पाहतो हे सांगणे हा प्रामाणिकपणा आहे, आणि तो सर्वांना सारखाच लागू आहे.

पण आक्षेपातला खरा भाग आपणही मान्य केला पाहिजे. आपल्या माणसाने सांगितलेले सर्वच खरे, असे धरून चालता येत नाही. ३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब न्यायालयीन कामासाठी धुळ्याला आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यावर उतरले. आज दरवर्षी त्या तारखेला तिथे हजारो लोक जमतात. तिथे कोणी आपल्या आजोबांनी बाबासाहेबांना पाहिल्याचे सांगेल आणि दोघांच्या हकीकती जुळणार नाहीत. अशा वेळी एक खोटी आणि एक खरी ठरवून मोकळे होऊ नका, आणि दोन्ही शिवून एक सोयीची गोष्टही बनवू नका. तारीख कागदावरून तपासा. आठवण जशी सांगितली तशी लिहा. ती अशीच का आठवली जाते, हा वेगळा आणि मोलाचा प्रश्न आहे.

विद्यार्थी मित्रांनो, कामाला लागताना

१. 'आहे का?' विचारून झाल्यावर 'कसे?' विचारा. नळाला पाणी भरता का, यापुढे : कोणत्या वेळी, कोणाच्या नंतर, हंडा कुठे ठेवता?

२. मुलाखतीच्या वेळी आजूबाजूला कोण उभे होते ते लिहून ठेवा. पोलीस पाटील दारात असताना मिळालेले उत्तर आणि रात्री ओट्यावर मिळालेले उत्तर एक नसते.

३. अहिराणी, तडवी, पावरी, ज्या भाषेत माणूस रडतो-भांडतो त्या भाषेत ऐका. 'माझा गाव' म्हणताना अवघडणारी बाई 'मना गाव' म्हणाली की मोकळी होते. तिचे शब्द प्रमाण मराठीत फेकून देऊ नका, आधी जसेच्या तसे उतरवा.

४. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करण्याआधी विचारा. नुसते नाव बदलून भागत नाही. लहान गावात 'दोन मुलांची विधवा अंगणवाडी मदतनीस' एवढ्यावरून माणूस ओळखला जातो. तुम्ही पदवी घेऊन निघून जाल, तिला त्याच गावात राहायचे आहे. बहिष्कार कशावरूनही पडतो, हे स्टार्ट समितीने सांगून ठेवले आहे.

५. लिहून झाल्यावर परत जा आणि वाचून दाखवा. माझ्या आजीसारखी कोणीतरी तुमचा निष्कर्ष खोडेल. तो खोडला गेला तर नशीब समजा.

आकड्यांना कमी लेखण्याचा हा प्रकार नाही. बाबासाहेब रुपयाच्या प्रश्नावर आकड्यांनी लढले, शेतीच्या लहान तुकड्यांवर १९१८ साली आकड्यांनी बोलले. जातनिहाय जनगणना झालीच पाहिजे, कारण आपण किती आहोत हे मोजल्याशिवाय वाटा मागता येत नाही. मात्र आपण कसे जगतो, हे त्या रकान्यांत मावणार नाही. ते आपल्यालाच लिहावे लागेल.

आणि वेळ फार नाही. १९५६च्या धम्मदीक्षेच्या वेळी जे दहा-बारा वर्षांचे होते ते आज ऐंशीच्या घरात आहेत. गावकीची कामे कोणत्या दिवशी सोडली, मेलेली ढोरे ओढायला नकार दिला तेव्हा घरात चूल कशी पेटली, देव्हाऱ्यातले देव काढताना आईचा चेहरा कसा झाला होता, हे कोणत्याही दप्तरात नाही. चोपडा, रावेर, साक्री, शिरपूर, पारोळा, भडगाव, प्रत्येक तालुक्यात अशी माणसे ओट्यावर बसलेली आहेत. विद्यापीठाला लघुप्रबंधासाठी विषय हवा असतो आणि तुम्ही तो इंटरनेटवर शोधता. विषय तुमच्या वस्तीत आहे. या सुट्टीत घरी जाल तेव्हा एका म्हाताऱ्या माणसाजवळ दोन तास बसा आणि त्याचे ऐका.

जय भीम!